पाण्याखाली गेलेल्या गावांचा सेनापती : पांडुरंग महादेव बापट यांची कहाणी

पावसाळा लागला की मुळशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. शहरातली माणसं येतात, भाजलेलं कणीस खातात, पाण्यासोबत फोटो काढतात आणि संध्याकाळी परत जातात. त्या पाण्याखाली एके काळी भाताची खाचरं होती, देवळं होती, घरं होती, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

शंभर वर्षांपूर्वी ही गावं वाचवायला एक माणूस उभा राहिला. तो मुळशीचा नव्हता. त्याची तिथं एक गुंठाही जमीन नव्हती. तरी त्यानं या गावांसाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं तुरुंगात काढली. मावळ्यांच्या या लढ्यानंच त्याला सेनापती हे नाव दिलं. पुढं लोक त्याचं पाळण्यातलं नाव विसरले, पण सेनापती बापट हे नाव राहिलं.

पारनेरचा हुशार पोरगा

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. तेव्हाचा नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. घरची परिस्थिती बेताचीच. पण पोरगा अभ्यासात तल्लख निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली इंजिनिअरिंग शिकायला थेट स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेला.

त्या काळात पारनेरच्या पोरानं विलायतेला जाणं म्हणजे घराचं नशीब उजळणं. परत आला असता तर मोठा साहेब झाला असता, बंगला-गाडी मिळाली असती. पण बापटांचं मन पुस्तकात रमेना. देश गुलामीत आहे, हे त्यांना सारखं टोचत होतं. तिथं त्यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी राजवटीविरुद्ध उघड भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांशी गाठ पडली. तिथून ते पॅरिसला गेले आणि रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची माहिती मिळवली.

१९०८ साली ते मायदेशी परतले. लवकरच बंगालमधलं अलिपूर बाँब प्रकरण उघडकीला आलं, धरपकड सुरू झाली आणि बापटांना भूमिगत व्हावं लागलं. नाव बदलून, गावं बदलून चार वर्षं काढली. १९१२ साली इंदूरला पकडले गेले. तुरुंगातून सुटल्यावर पारनेरला आले आणि रोज सकाळी हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडू लागले. विलायतेत शिकून आलेला माणूस रस्ता झाडतो म्हणून लोक हसले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

पुढं पुण्यात टिळकांच्या मराठा पत्रात काम केलं, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही हात लावला. १९२० साली मुंबईतल्या झाडूवाल्यांच्या प्रश्नात ते पडले. गाव सोडून शहरात आलेल्या आणि शहराची घाण उचलणाऱ्या या कामगारांना ना धड पगार होता, ना मान. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी तयार नव्हतं. बापटांनी त्यांच्यासाठी झाडू-कामगार मित्रमंडळ काढलं. मुळशीच्या आधीच त्यांची वाट ठरली होती ती अशी.

मुळशीत काय चाललं होतं

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्या जोरात होत्या. त्या चालवायला कोळसा लागे आणि तो लांबून आणावा लागे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवायचा, ते पाणी बोगद्यातून आणि पाइपातून कोकणात खाली सोडायचं आणि त्याच्या जोरावर वीज करायची, अशी टाटांची योजना होती. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीला सोडून १९१५ साली वीज सुरू झालीच होती. पुढची पायरी म्हणजे मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचं धरण.

योजना हुशारीची होती, यात वाद नाही. प्रश्न होता तो खोऱ्यातल्या माणसांचा. पन्नासच्या आसपास गावं आणि दहा-अकरा हजार माणसं या धरणाखाली जाणार होती. धरण बांधायचं ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुळशीचं खोरं म्हणजे भाताचा मुलूख. खाली नदीकाठी खाचरं, वर डोंगरउतारावर वरकस जमीन. खाचरात भात, वरकसावर नाचणी आणि वरी. रानातून सरपण, हिरडा, मध. गुरांना चराई फुकट. रोख पैसा हातात कमी, पण पोटाला लागणारं बहुतेक सगळं शिवारातच मिळायचं. ज्याच्याकडं जमीन नाही, तोही उपाशी राहत नव्हता. कुणी कुळ म्हणून कसायचा, कुणी बलुत्यावर काम करायचा, कुणी लावणी-कापणीला जायचा आणि भाताच्या रूपात मजुरी घ्यायचा.

या सगळ्याची किंमत कागदावर कुठंच लिहिलेली नव्हती. सरकारच्या दप्तरात फक्त जमीन आणि तिचा मालक होता. सगळ्या भांडणाचं मूळ इथंच होतं.

कंपनीनं रीतसर ताबा घ्यायच्या आधीच चर खणायला सुरुवात केली. आपल्या शेतात खणू नका म्हणणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या साहेबानं पिस्तूल रोखल्याची हकीकत खोऱ्यात पसरली. लोक चिडले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली.

रामनवमीचा दिवस

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. हातात शस्त्र नव्हतं. बायका होत्या, म्हातारी माणसं होती. बांधकामाच्या जागेत बसायचं, आडवं पडायचं आणि काम करणाऱ्या मजुरांना काम थांबवा म्हणून विनवायचं, अशी रीत होती.

तो मजूरही गरीबच होता. हातावर पोट असलेला माणूस रोजंदारीसाठी खडी फोडत होता आणि दुसरा हातावर पोट असलेला माणूस त्याच्यापुढं आडवा पडत होता. वीज मिळणार होती मुंबईला, नफा कंपनीला. समोरासमोर उभे राहिले ते दोन गरीब. धरणाच्या कामावर पुढंही बऱ्याच ठिकाणी हेच दिसलं.

काम थांबलं. गांधीजींचा आशीर्वाद मिळाला, पुण्याचे पुढारी मदतीला आले, वर्तमानपत्रांत लेख आले. कंपनीनं सहा महिने काम बंद ठेवायचं मान्य केलं. मावळ्यांना वाटलं, जिंकलो.

पण त्या सहा महिन्यांत सरकारनं कंपनीसाठी भूसंपादनाची कारवाई पुढं नेली. १८९४ च्या कायद्यात लोकोपयोगी काम म्हणून खासगी कंपनीसाठीही जमीन घेण्याची सोय होती. बाजारभाव आणि त्यावर सक्तीनं घेतली म्हणून शेकडा पंधरा जादा, एवढं दिलं की सरकारची जबाबदारी संपली. जमिनीला जमीन नाही, घराला घर नाही, पुनर्वसन हा शब्दही त्यात नव्हता. १९२१ संपता संपता काम पुन्हा सुरू झालं आणि लढाही पुन्हा पेटला. या टप्प्यात बापट लढ्याच्या मध्यभागी आले.

मोबदल्याचा पैसा कुणाच्या खिशात गेला

लढा का मोडला, हे समजून घ्यायचं तर पैशाची वाट बघावी लागते.

मुळशीतली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडं गहाण पडलेली होती किंवा त्यांच्या नावावरच झाली होती. कसणारा मावळा, पण कागद सावकाराचा. जमीन पाण्याखाली जाणार म्हटल्यावर सावकारानं हिशोब केला. भाताचा खंड वर्षानुवर्षं गोळा करत बसण्यापेक्षा एकरकमी रोख मोबदला बरा. बुडीत निघालेलं कर्जही त्यातून वसूल होणार. त्यामुळं ज्या पुण्यातून लढ्याला सुरुवातीला बळ मिळालं, त्याच पुण्यातून मोबदला घ्या आणि मिटवा, असा सूर निघू लागला.

ज्याच्या नावावर जमीन होती, त्या मावळ्याचंही फार बरं झालं नाही. मोबदला हातात आला की आधी सावकार दारात उभा. कर्ज आणि व्याज कापून जे उरेल ते घरात. उरलेल्या पैशात दुसरीकडं तेवढी जमीन घेणं कठीण. ज्या माणसानं जन्मात मोठी रोख रक्कम पाहिली नाही, त्याच्या हातातून पैसा पाण्यासारखा जातो. एखादं लग्न, एखादं आजारपण, एक-दोन वर्षं विकतचं धान्य, की रक्कम संपली. जमीन दरवर्षी पिकत होती, पैसा एकदाच आला आणि गेला.

आणि ज्याच्या नावावर काहीच नव्हतं त्याचं काय? कूळ, शेतमजूर, बलुतेदार, रानावर जगणारा कातकरी. कागदावर त्यांची नोंदच नाही, तर मोबदला कशाचा देणार? गाव उठलं की बलुतं संपलं. लावणी नाही, कापणी नाही, चराई नाही. त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त आणि भरपाई जवळपास शून्य.

कुणी धरणाच्या वरच्या बाजूला डोंगरावर सरकले आणि खडकाळ जमिनीत नाचणी पेरू लागले. कुणी दुसऱ्या मुलखात जाऊन मजूर झाले. घाटमाथ्यावरच्या माणसाला मुंबईची वाट तशी जुनीच होती. गोदीत, गिरणीत, हमालीत, डबे पोचवण्याच्या कामात मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातली माणसं होतीच. फरक एवढाच, की आधी मुंबईला गेलेला माणूस पेरणीला आणि जत्रेला गावी येत असे. मागं शेत आहे म्हणून कमी पगारातही त्याचं भागत असे. ज्याचं गावच बुडालं, त्याला परत यायला जागा उरली नाही. शहरात मिळेल त्या मजुरीवर, मिळेल त्या खोलीत राहायचं. काम सुटलं तर मागं आधार नाही.

बापटांनी हे जवळून पाहिलं. मोबदला वाढवून मागायचा की जमीन सोडायचीच नाही, हा वाद लढ्यात सतत होता. बापटांचं मत पक्कं होतं. माणसाचं जगण्याचं साधन काढून घेऊन त्याच्या हातात पैसे ठेवणं हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. मावळ्यांनी जमीन सोडायची नाही, याच बाजूला ते शेवटपर्यंत राहिले.

शेवटचा वार

सरकारनं धरपकड वाढवली. शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले, त्यात बायकाही होत्या. शिवरामपंत परांजप्यांसारख्या नामवंत संपादकालाही शिक्षा झाली. बापट पुन्हा पुन्हा आत गेले. आत गेलेल्याच्या घरी कमावणारं कुणी नाही, बाहेर पाणी चढतंय, सावकार मागं लागलाय. एकेक घर मोबदला घेऊ लागलं. त्यात त्यांचा दोष काढणं सोपं आहे. पण चुलीवर भांडं नसलेल्या घरानं किती वर्षं लढायचं?

बापटांना हार मान्य नव्हती. माणसाचा जीव घ्यायचा नाही, पण कामाची नासधूस करायची आणि मग पळून न जाता शिक्षा भोगायची, या रीतीला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. १९२४ च्या डिसेंबरात बापट आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी धरणाच्या कामासाठी घातलेल्या रुळांवर दगड रचले आणि हत्यारं घेऊन कामाची गाडी अडवली. त्यांना पकडण्यात आलं आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

हा मार्ग बरोबर होता का, यावर तेव्हाही वाद झाला. गांधीजींना तो पटला नव्हता. बहुतेक लोकांनी मोबदला घेतला आहे आणि पुढाऱ्याचा अहिंसेवर पूर्ण विश्वास नाही, तेव्हा हा लढा थांबवावा, असं मत त्यांनी मांडलं. शस्त्र दाखवल्यानं बापटांनी लढ्याची बाजू लंगडी केली, असं म्हणणारे होते आणि आजही आहेत. दुसरी बाजू अशी, की तीन वर्षं हात जोडून बसलेल्या माणसांचं कुणी ऐकलं नव्हतं आणि पाणी तर वाट बघणार नव्हतं.

बापट सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात होते, तेव्हा इकडं धरण पुरं झालं. १९२७ साली रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथल्या केंद्रातून वीज सुरू झाली. पूर्वेकडं वाहणाऱ्या नद्यांचं पाणी पश्चिमेला, कोकणात उतरलं. मुंबई उजळली, गिरण्या फिरल्या. ज्यांची गावं बुडाली, त्यांच्या घरात मात्र कंदीलच राहिला.

मुळशीनंतर

१९३१ साली बापट सुटले तेव्हा पन्नाशीला आले होते. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, भाषणाबद्दल पुन्हा शिक्षा झाली आणि १९३७ साली बाहेर आले. पुढं सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम त्यांच्याकडं होतं. देश स्वतंत्र झाला, पण त्यांनी पद मागितलं नाही. १९५५ साली पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

एवढं सगळं करूनही महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते मुळशीच्या नावानं. जो लढा हरला, त्याच लढ्याचं सेनापतीपद त्यांना आयुष्यभर चिकटलं.

हरलेल्या लढ्यानं काय दिलं

मुळशी बुडाली, पण प्रश्न बुडाला नाही. स्वातंत्र्यानंतर कोयना झालं, पानशेत झालं, पवना झालं, उजनी झालं. प्रत्येक धरणानं कुणाच्या तरी शेतात पाणी आणलं आणि कुणाच्या तरी घरात पाणी घातलं. धरणग्रस्तांच्या चळवळी उभ्या राहिल्या. मुळशीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १९७६ साली, महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातल्या मोठ्या जमीनधारकांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यायची, ही कल्पना त्यात आली. २०१३ च्या केंद्राच्या कायद्यात तर जमीन नसलेला, पण त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर आणि कूळही बाधित कुटुंबात धरला गेला. मुळशीच्या कातकऱ्याला आणि बलुतेदाराला जे मिळालं नाही, ते निदान कागदावर तरी आलं.

कागदावरून हातात यायला किती चपला झिजतात, हे धरणग्रस्त गावांना सांगायची गरज नाही. तरी मुळशीचा धडा आजही कामाचा आहे. रस्ता असो, धरण असो वा कारखाना, जमीन जाणार म्हटलं की गावात पहिली चर्चा भावाची होते. एकरी किती मिळणार? मुळशीच्या मावळ्यांनी भोगलेला प्रश्न वेगळा होता. हा पैसा संपल्यावर खायचं काय? सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा किती? वारसनोंद झाली आहे का? कसतो एक आणि नाव दुसऱ्याचं, असं तर नाही ना? जमीन नसलेल्या शेजाऱ्याचं काय होणार? हे प्रश्न मोबदला वाटल्यावर नाही, त्याच्या आधी विचारायचे असतात.

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. मुंबईतला रस्ता दादरहून लोअर परळकडं जातो, म्हणजे थेट जुन्या गिरणगावातून. याच गिरणगावासाठी मुळशीची वीज हवी होती. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जागेवर काचेचे टॉवर आले आणि घाटावरून, कोकणातून आलेला कामगार दुसऱ्यांदा उठला. कुणी गावाकडं परतला. ज्याचं गाव शिल्लक होतं, त्याला परतता आलं.